शिरस्त्राण आणि नियमपालन : अमेरिकेतील शालेय फुटबॉलचा धडा

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळला जाणारा खेळ येतो. अमेरिकेत मात्र याच नावाने एक निराळा खेळ ओळखला जातो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाने अंगावर झेपावून त्याला खाली पाडायचे, असे त्याचे स्वरूप आहे. तेथील माध्यमिक शाळांत दरवर्षी सुमारे दहा लाख मुले तो खेळतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही आता या मैदानांवर उतरू लागली आहेत. मुलांच्या जिवाशी निगडित असलेला एखादा नियम कसा जन्मतो, कसा फसतो आणि कशामुळे टिकतो, हे समजून घेण्यासाठी आम्ही या खेळाचा इतिहास येथे अभ्यासास घेतला आहे.

या इतिहासाचा आरंभ मृत्यूंच्या मोजदादीपासून होतो. १९०५ च्या एका हंगामात किमान १८ खेळाडू दगावल्याचे वृत्तपत्रांनी नोंदविले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. १९०६ मध्ये खेळाचे नियम बदलले. कोलंबिया विद्यापीठाने तर हा खेळच बंद केला आणि १९१५ पर्यंत तो बंद राहिला. १९१३ साली बाबासाहेब त्या विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा तेथे फुटबॉलचा संघ नव्हता, तो या कारणाने.

त्या काळी शिरस्त्राण घालणे ऐच्छिक होते. कातडी टोपी घालणारा गडी भित्रा समजला जाई. महाविद्यालयीन खेळात १९३९ मध्ये शिरस्त्राण सक्तीचे झाले आणि पुढे कातड्याची जागा टणक प्लास्टिकने घेतली. माध्यमिक शाळांत १९६२ पासून चेहऱ्यापुढील जाळी आणि दात-जबडा सांभाळणारा माउथगार्ड आवश्यक ठरला.

येथेच या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. डोके सुरक्षित आहे या भरवशावर खेळाडू डोक्यानेच धडक देऊ लागले. संरक्षणासाठी केलेली वस्तू हत्यार झाली. १९६८ या एका वर्षात खेळातील आघातांमुळे ३६ खेळाडूंचा मृत्यू झाला. त्यानंतर दोन दिशांनी प्रयत्न झाले. १९६९ मध्ये क्रीडासाहित्याची मानके ठरविणारी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. १९७३ मध्ये तिने शिरस्त्राणाचे मानक सिद्ध केले. कृत्रिम डोक्यावर शिरस्त्राण चढवून ते ठरावीक उंचीवरून खाली पाडावयाचे आणि आतील डोक्याला पोहोचणारा धक्का मोजावयाचा, अशी ही कसोटी होती. १९८० पासून माध्यमिक शाळांत या कसोटीस उतरलेलेच शिरस्त्राण वापरणे बंधनकारक झाले. दुसरीकडे, १९७६ मध्ये डोके पुढे करून धडक देण्यावर बंदी आली.

परिणाम आकड्यांत दिसतो. मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडण्याच्या घटना १९७६ च्या हंगामात ३४ होत्या. पुढील वर्षी त्या १८ झाल्या आणि १९८४ मध्ये ५ वर आल्या. १९९० मध्ये खेळातील थेट आघाताने एकही मृत्यू झाला नाही. १९३१ पासूनच्या नोंदींत असे वर्ष प्रथमच उजाडले होते. चांगली वस्तू आणि ती वापरण्याचा नियम ही जोडी एकत्र आली, तेव्हाच मुले वाचली.

परंतु नियम छापला म्हणजे तो पाळला गेला असे होत नाही. उन्हाळ्यात शिरस्त्राणाखाली घाम साचतो, म्हणून मुलगा हनुवटीचा पट्टा सैल करतो. गुडघ्याचे पॅड धावताना अडते, म्हणून ते वर सरकवितो. सामना चुरशीचा असेल तर प्रशिक्षकही डोळेझाक करतो. हे ओळखून तेथील शालेय नियमावलीने जबाबदारी नेमकी वाटून दिली आहे. आपले सर्व खेळाडू नियमानुसार सज्ज आहेत, याची ग्वाही मुख्य प्रशिक्षकाला सामन्यापूर्वी पंचांना द्यावी लागते. माउथगार्ड संपूर्ण पांढरा वा पारदर्शक चालत नाही. तो रंगीत हवा, म्हणजे तो तोंडात आहे की नाही हे पंचाला दुरूनही दिसते. खेळ चालू असताना डोक्यावरून शिरस्त्राण निघाले आणि त्यात प्रतिपक्षाची आगळीक नसेल, तर त्या खेळाडूला किमान एका डावापुरते बाहेर बसावे लागते. संघाला हे गैरसोयीचे असते, म्हणून पट्टा घट्ट बांधला आहे ना, हे सोबतीच एकमेकांचे पाहू लागतात.

या साहित्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून वाचविते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा ते पूर्णपणे रोखू शकत नाही. वॉशिंग्टन राज्यात एका १३ वर्षांच्या मुलाला डोक्याला मार लागूनही पुन्हा मैदानात उतरविले गेले आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्यानंतर २००९ मध्ये त्या राज्याने कायदा केला. हादऱ्याचा संशय आला की खेळाडूने तत्काळ बाहेर पडावयाचे आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय परतावयाचे नाही. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांत मेंदूच्या हादऱ्याविषयी कायदे झाले.

आणखी एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत शाळांचा निधी मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता-करातून येतो. श्रीमंत वस्तीतील शाळेला नवी शिरस्त्राणे सहज मिळतात. गरीब वस्तीतील शाळेला जुनीच दुरुस्त करून वापरण्याचा मोह होतो. नियम सर्वांना एकच असला, तरी तो पाळण्याचे साधन सर्वांकडे सारखे नसते. म्हणून नियमाबरोबर साहित्याची तरतूद करणे हेही व्यवस्थेचेच कर्तव्य ठरते.

आपली जी मुले-नातवंडे तेथे खेळतात, त्यांच्या पालकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. शिरस्त्राण किती वर्षांचे आहे आणि त्याची शेवटची तपासणी केव्हा झाली? ते माझ्या मुलाच्या डोक्यावर कोणी बसवून पाहिले? सरावाच्या दिवशीही सामन्याइतकीच तपासणी होते का? आणि मुलगा भोवळल्यास त्याला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे? जाळी धरून शिरस्त्राण हलविले असता कपाळाची कातडीही त्यासोबत हलली पाहिजे. ते नुसतेच फिरत असेल तर माप चुकले आहे. ही परीक्षा आई-वडिलांना घरीही करता येते.

मुलगा स्वतःहून क्वचितच तक्रार करील. सोबत्यांपुढे कच्चे दिसणे त्या वयात फार जड जाते. म्हणून विचारण्याचे काम मोठ्यांचे आहे, आणि ते हंगाम सुरू होण्यापूर्वीच झाले पाहिजे.