वसुधाला काहीतरी करू दे

सांगली

चि. गार्गीस,


तुझ्या नाटकाची संहिता पोचली, वाचून झाली. दादाने फोनवर धोशा लावला होता, "कसं वाटलं ते एका वाक्यात सांग." एका वाक्यात मावत नाही, म्हणून हे पत्र.

संवाद तुला येतात. बँकेत डब्याच्या वेळी त्या तिघी बोलतात तो प्रवेश उद्या उभा करता येईल, त्यातला शब्दही हलवू नकोस. अडचण वसुधाची आहे. मुखपृष्ठावर तू 'स्त्रीप्रधान दोन अंकी नाटक' असं लिहिलं आहेस, आणि वसुधा जवळजवळ प्रत्येक प्रवेशात आहेही. पण ती करते काय, ते मी पेन्सिलने समासात टिपत गेले. नवरा तिची बढती परस्पर नाकारून टाकतो. सासू दागिने काढून घेते. साहेब ओरडतो. मुलगा उलटून बोलतो. शेवटी वसुधा दीड पान बोलते आणि पडदा. म्हणजे करणारे सगळे दुसरेच, हिच्या वाट्याला फक्त सोसणं. दोन तास नुसतं सोसत उभं राहायचं म्हणजे नटीने करायचं तरी काय? ती डोळे पुसेल, पदराशी चाळा करेल, आणि दुसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षकाला तिची कीव येऊन येऊन कंटाळा येईल.

ही खोड तुझी एकटीची नाही, आपल्या रंगभूमीची आहे. 1843 साली इथेच विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यानंतर कितीतरी दशकं मोठ्या मंडळ्यांमध्ये स्त्रीभूमिका पुरुषच करत. बाईने कसं सोसावं याचा वस्तुपाठ त्यांनीच घालून दिला. 1919 सालच्या 'एकच प्याला'मधली सिंधू म्हणजे त्याचा कळस. बालगंधर्वांची सिंधू जात्यावर बसली की थिएटर रडायचं, असं आमच्या आजीकडून ऐकत मी मोठी झाले. गडकऱ्यांची लेखणी आणि गंधर्वांचा गळा असल्यावर रडणारच. पण तेच नाटक पुन्हा वाच आणि तळीरामाच्या गीतेकडे बघ. नवऱ्याला तोंडावर बोलणारी, फटकळ बाई, प्रवेश मोजकेच. आज माझ्यासमोर दोन्ही भूमिका ठेवल्या तर मी गीता मागून घेईन. हे इथल्या जुन्या रसिकांना सांगू नकोस, माझं गावात राहणं कठीण होईल.

आता बेणारेबद्दल. तुझं शेवटचं दीड पान कुठून आलंय ते मला कळतं. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली 'रंगायन'ने केलं, सुलभाताई देशपांड्यांची बेणारे, दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं. तेव्हापासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक मुलीने ते स्वगत पाठ केलं आहे, मीही. पण त्या स्वगतातून लिहिणारे भलतंच शिकले. शेवटी बाईच्या तोंडी एक जळजळीत भाषण दिलं की भूमिका मोठी होते, असं त्यांना वाटू लागलं.

तू ते नाटक पहिल्या पानापासून वाच. बेणारे येते तीच मुळी कडीत बोट चेमटून, आणि तरीही खुशीत. सामंतासारख्या अनोळखी माणसाशी गप्पा मारते, गाते, शाळेतल्या पोरांचं कौतुक सांगते, आणि आपल्याच मंडळातल्या एकेकाची टोपी उडवते. वकिली न चालणारा सुखात्मे, मिरवणारे काशीकर, त्यांच्या ताटाखालचं मांजर झालेला रोकडे, कुणालाही सोडत नाही. त्यामुळे पुढे ही माणसं खेळातल्या खटल्यात तिच्यावर तुटून पडतात तेव्हा त्यांच्याकडे कारण असतं. त्यांच्या मनात खूप आधीपासून खदखदत असतं. शिवाय तिची बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. पोटातल्या मुलाला बापाचं नाव मिळावं म्हणून ती याच पुरुषांपुढे लग्नाची गोष्ट काढून बसलेली आहे. जे तिला तुच्छ वाटतात त्यांच्यापुढेच तिने हात पसरला. ही लाज, हा व्यवहार, हा आडमुठेपणा आधी लिहिला, म्हणून स्वगत उभं राहतं.

आणि त्या स्वगताचं होतं काय? आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे जागच्या जागी थिजलेले असतात. कुणी ऐकत नाही. वेळ संपते आणि शिक्षा सुनावली जाते. तेंडुलकरांनी हे भाषण तालमीच्या काळात, दिग्दर्शकाच्या आग्रहावरून लिहिलं असं सांगतात. म्हणजे लेखकाला आधी त्याची गरजही वाटली नव्हती! तुझ्या नाटकात मात्र वसुधा बोलते आणि सगळे माना खाली घालतात. नवरासुद्धा. असा नवरा मला एकदा दाखव, मी तिकीट काढून बघायला येते.

म्हणून पहिलं काम हे कर: ते दीड पान काढून बाजूला ठेव. मग नाटक वाच. वसुधा उरते का बघ. उरली तर त्यातली चार वाक्यं परत घाल. नाही उरली तर भाषणाने ती वाचणार नव्हतीच.

दुसरं, तिला काहीतरी हवं असू दे. 'स्वातंत्र्य' वगैरे नको, ते रंगमंचावर दाखवता येत नाही. हातात धरता येईल असं काहीतरी हवं. एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घे. 1985 साली विजयाबाई मेहतांनी ते केलं. धरणगावच्या देशपांड्यांच्या त्या पडक्या वाड्यात किती बायका आहेत, आणि एकीसारखी दुसरी नाही. तात्याजी गेलेत, तेराव्याचा खर्च कुठून करायचा हा पेच आहे. प्रभाला शिकायचं होतं, घराने शिकू दिलं नाही, ती आता पुस्तकात तोंड खुपसून सगळ्यांना टोचत बसते. रंजूला सिनेमा हवाय. मुंबईहून आलेल्या अंजलीला आपल्या नवऱ्याचा वाटा बुडू द्यायचा नाही. ती दुष्ट नाही, हिशेबी आहे. दादी तर आंधळी, अंथरुणाला खिळलेली. ती गेलेल्या मुलाला, व्यंकटेशला हाका मारते आणि वेळ विचारते. एवढंच. पण ती वेळ विचारते तेव्हा अख्ख्या घराच्या अंगावर काटा येतो. गार्गी, तुझ्या नाटकातल्या मोलकरणीला तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही 'बाई, चहा ठेवू का?' या जातीची. तिलाही काहीतरी हवं असेल ना? उचल हवी असेल, सुट्टी हवी असेल.

आणि त्या वाड्यातली वहिनी. जन्मभर राबलेली, मोठ्या घराच्या मोठ्या सुनेचं नाव मिरवत भाकऱ्या थापणारी. रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालून ती बसते तो प्रवेश मन लावून वाच. त्यात संताप नाही, घोषणा नाही. लोभ आहे, सुख आहे, थोडं वेड आहे. त्या सोन्यासाठी ती काय काय विसरायला तयार आहे ते तुला दिसतं, आणि तरी तिच्यावर रागावता येत नाही. पुढे तेच दागिने घेऊन तिची मुलगी रंजू पळते. म्हणजे दागिन्यांची पेटी एक, तिच्यावरून तीन पिढ्यांच्या बायका उघड्या पडतात. तुझ्याही नाटकात दागिने आहेत, पण सासूने ते काढून घेतल्यावर त्यांचं नावच निघत नाही. सासू त्यांचं करते काय? गहाण टाकते? घालते? विचार कर.

सासूवरून आठवलं. तिच्याइतकी निर्जीव बाई तुझ्या नाटकात दुसरी नाही. आत येते, टोमणा मारते, जाते. पुरुष वाईट आणि सासू त्यांची हस्तक, एवढ्यावर तू भागवलंस. 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी बघ. नाटक 1972 चं, त्यावरून परिनिरीक्षण मंडळ आणि कोर्टकचेरी सगळं झालं. लालन सारंगांच्या चंपाबद्दल लोक अजून बोलतात, ते योग्यच आहे. पण नाटकाला शेवटाकडे ढकलते ती लक्ष्मी, देवभोळी, मुंग्यांशी बोलणारी. भाच्याने घराबाहेर काढल्यावर तिला सखारामच्या घरात पुन्हा आसरा मिळतो तो चंपामुळे, आणि चंपाचं त्याच्या मित्राकडे, दाऊदकडे जाणं सखारामच्या कानावर घालते तीच. चंपाचा जीव जातो, मग पुरायचं कसं हे सांगायलाही लक्ष्मीच पुढे. तिला आपण पाप केलं असं वाटतच नाही, तिच्या मते तिने घर वाचवलं. तेंडुलकरांनी तिला खलनायिका केलं नाही आणि बिचारीही केलं नाही. तुझ्या सासूला असा एखादा पक्का, स्वतःला पटलेला हिशेब दे. मग वसुधाला समोर झुंजायला कुणीतरी मिळेल.

हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो: बायकांनी रंगमंचावर पुरुषांबद्दल बोलूच नये, म्हणजे नाटक स्त्रीवादी. असलं काही मनावर घेऊ नकोस. प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' तू पाहिलंस. दोनच बायका, आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रखुमाई. दोघी बोलतात त्या मुख्यतः न दिसणाऱ्या नवऱ्यांबद्दलच. एकीचा भंडाऱ्यावर जाऊन बसलेला, दुसरीचा विटेवर. तरी त्या नाटकात पुरुषाची सत्ता चालत नाही, कारण न्याय कुणी करायचा ते त्या दोघींच्या हातात आहे. आवली देवाशी भांडते ती भाकरी थापणाऱ्या बाईच्या अधिकाराने.

आता थोडं तालमीच्या खोलीतलं. फोनचा प्रवेश तू लिहिलास, पण फोनवरच्या माणसाचं म्हणणं वसुधाच मोठ्याने उच्चारते. 'काय म्हणालात? उद्या येणार?' ही युक्ती आता जुनी झाली. प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'त विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, लांबलचक बोलते, पलीकडचं अक्षर आपल्याला ऐकू येत नाही आणि तरी तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. 1991 मध्ये वंदना गुप्त्यांनी आणि 2022 साली नव्या संचात मुक्ता बर्व्यांनी तो प्रवेश केला. तू असं कर, पलीकडच्याची सगळी वाक्यं आधी वहीत पूर्ण लिही, वेळ लावून, त्याच्या शिव्यांसकट. मग खोड. वसुधा किती वेळ गप्प राहते आणि कुठे मधेच तोडते, ते तुला आपोआप कळेल.

तिच्या हातांना काम दे. भाजी निवडणं सोडून दुसरं काहीही. ती बँकेत आहे, तिला नोटा मोजता येतात. भांडण चालू असताना ती नोटा मोजते आणि आकडा चुकत नाही, असा प्रवेश मला बघायला आवडेल. साडी बदलायला निदान तीन पानांचा अवधी ठेव. पहिल्या अंकात तू तिला दहा ओळींत लग्नाच्या शालूतून गाऊनमध्ये आणलं आहेस, विंगेत दोन बायका टाचण्या घेऊन उभ्या केल्या तरी जमायचं नाही.

आणि मोठ्याने वाच. सुषमा देशपांड्यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' 1989 मध्ये लिहिलं आणि स्वतःच करत गावोगाव फिरल्या. स्वतः लिहून स्वतः बोलणाऱ्या बाईच्या वाक्यात श्वास कुठे घ्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. तुझी काही वाक्यं एका श्वासात संपत नाहीत.

दुसरा अंक आधी सुधारून पाठव, पहिल्याला सध्या हात लावू नकोस. अर्ज भरायची घाई करू नकोस, स्पर्धा दरवर्षी येते. पात्रयोजनेचा प्रश्न राहतोच. पंचविशीच्या मुली प्रत्येक संस्थेत रांगेने उभ्या असतात आणि साठीच्या आम्हा बायकांना कुणी विचारत नाही, कारण आमच्यासाठी कुणी लिहीतच नाही. तेव्हा सासूचं नीट लिहून झालं की तिचं काम कोण करणार ते मला कळव. पाठांतर माझं अजून शाबूत आहे, आणि माझ्याकडचे दागिने खोटे असले तरी लांबून बरे दिसतात.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या