कुरकुरत दिलेले पैसे

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२

आज एकाच शब्दापाशी अडकलो: परिक्लिष्ट. म्हणजे मनाला त्रास करून घेत, कुरकुरत. असं दिलेलं, किंवा परतफेडीवर, फळावर डोळा ठेवून दिलेलं दान भगवंत राजस म्हणतात. ऑफिसच्या ग्रुपवर वर्गणीचा क्यूआर कोड येतो आणि आपण आधी ‘बाकीच्यांनी किती दिले?’ बघतो ना, तेच!

२००८ साली ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग छापून आला. व्हँकुव्हरमध्ये सकाळी काही जणांना ५ किंवा २० डॉलर दिले. निम्म्यांनी ते स्वतःवर खर्चायचे, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्चणारे जास्त आनंदी निघाले. रक्कम ५ की २०, याने फरक पडला नाही.

पण मग आनंद मिळावा म्हणून देणं, हेही फळावर डोळा ठेवणंच नाही का? मला वाटतं, हो. गंमत अशी, की वेगळ्या काही जणांना नुसता अंदाज विचारला, तर बहुतेकांनी उलटंच सांगितलं. हा आनंद आपल्या हिशेबात धरलेलाच नसतो.

विसावा श्लोक सांगतो, द्यायचं म्हणून द्यावं, आणि जो परतफेड करणार नाही त्याला. मला रक्तदान आठवतं. पिशवी कुणाला गेली कळत नाही, थँक यू म्हणायला कुणी येत नाही. तरी बिस्किटं खाऊन आपण उगाच हसत बाहेर पडतो.