चित्रप्रदर्शन आणि परीक्षकांचा निवाडा

मुंबई येथें इ. स. १८८८ सालीं ‘बाँबे आर्ट सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. आरंभीं तिच्या कारभारांत युरोपियन गृहस्थांचाच भरणा होता. पुढें हळूहळू ती एतद्देशीय कलावंतांची झाली. चित्रांचें व शिल्पांचें वार्षिक प्रदर्शन भरविणें हें या संस्थेचें मुख्य कार्य. आमच्या विद्यार्थ्यांनीं या प्रदर्शनाची रीत समजून घेण्यासारखी आहे.

चित्रकार आपली कृति चौकटींत बसवून, ठरलेल्या मुदतींत व ठरलेली फी भरून संस्थेकडे पाठवितो. नंतर परीक्षकमंडळ एकेक कृति पाहतें. येथें दोन चाळण्या लागतात. पहिलींत प्रदर्शनांत मांडण्यास योग्य कृति कोणत्या तें ठरतें. दुसरींत त्यांपैकीं पारितोषिकास पात्र कोणत्या तें ठरतें. भिंतीवरील जागा मोजकी असते. म्हणून पुष्कळांची चित्रें पहिल्याच चाळणींतून परत जातात.

या पद्धतीचा गुण असा कीं, तेथें कुळाची वा पदवीची विचारपूस होत नाहीं. कोल्हापूरहून येऊन जे. जे. कलाशाळेंत शिकलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांस या संस्थेनें १८९५ सालीं सुवर्णपदक दिलें. कृष्णाजी हौळाजी आरा यांनीं तर घरकाम करून व मोटारी धुऊन पोट भरीत चित्रकला आत्मसात केली. त्यांसही १९५२ सालीं संस्थेचें सुवर्णपदक मिळालें.

परंतु परीक्षकांनीं नाकारलेलें चित्र वाईटच असतें काय? याचें उत्तर अमृता शेरगिल यांच्या चरित्रांत सांपडतें. १९३५ सालीं सिमल्याच्या कलासंस्थेकडे त्यांनीं दहा चित्रें पाठविलीं. त्यांपैकीं पांच नाकारलीं गेलीं आणि घेतलेल्यांपैकीं एकास पारितोषिक मिळालें. त्या मानी स्त्रीनें तें पारितोषिक परत केलें. पुढें दोनच वर्षांनीं, १९३७ सालीं, त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्रास बाँबे आर्ट सोसायटीनें सुवर्णपदक दिलें. चित्रकर्त्री तीच, हात तोच. पाहणारे डोळे मात्र निराळे. सोनाराच्या कांट्यावर गुंज सर्वत्र सारखीच भरते. चित्राला असा कांटा नाहीं. परीक्षक जें पाहत आला, ज्यावर त्याची रुचि घडली, त्याच मापानें तो नवें चित्र मोजतो.

मग परीक्षक नकोतच, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. निवड नसेल तर बरें-वाईट सारेंच एका भिंतीवर येईल, आणि शिकणाऱ्यास आपण कोठें उभे आहों हें कळणार नाहीं. रूढ अभिरुचीला कंटाळून १९४७ सालीं मुंबईच्या कांहीं तरुण चित्रकारांनीं ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. सय्यद हैदर रझा हे त्यांतलेच एक. आणि १९४८ सालीं याच जुन्या संस्थेचें सुवर्णपदक त्यांस मिळालें! यावरून दोन गोष्टी दिसतात. बंडखोरालाही प्रदर्शनाची भिंत हवीशी वाटते, आणि परीक्षकांची दृष्टिही कालांतरानें बदलूं शकते. प्रदर्शन ‘वार्षिक’ असण्यांतील मर्म हेंच. यंदा मिटलेलें दार पुढील वर्षीं पुन्हा उघडतें.

शाळेच्या भिंतीवर आपलें चित्र लागलें नाहीं म्हणून रंगपेटी माळ्यावर टाकून देणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. अशा वेळीं घरच्या वडील माणसांच्या तोंडून ‘तुला चित्रकला येणें नाहीं’ असा एक शब्द निघाला कीं, परीक्षकांनीं एका चित्रावर दिलेला निकाल त्या मुलाच्या जन्मावर शिक्का होऊन बसतो. पालकांनीं हें टाळावें, अशी आमची त्यांस विनंति आहे. चित्र परत आलें तर मुलाशेजारीं बसावें, निवडलेलीं चित्रें त्यास दाखवावीं, आणि आपल्यांत काय उणें राहिलें हें त्याचें त्यासच शोधूं द्यावें.

आणि विद्यार्थ्यांनो, उणीव सांपडली तर ती सुधारा. पुष्कळ शोधूनही सांपडली नाहीं, तर तें चित्र जपून ठेवा आणि दुसरें काढावयास घ्या. परीक्षकांच्या हातीं एका वर्षाचा निकाल असतो. कुंचला मात्र तुमच्याच हातीं असतो.