स्वच्छ मरिना : अनुदानामागील अर्थशास्त्र

हौशी नाविकांच्या व पर्यटकांच्या नौका नांगरून ठेवण्यासाठी आणि त्यांना इंधन, पाणी व दुरुस्तीची सोय पुरविण्यासाठी उभारलेला सुरक्षित तळ म्हणजे मरिना. नौकांतील मैला, तळाशी साचलेले तेलमिश्रित पाणी व खरवडलेला रंग यांची योग्य विल्हेवाट न लागल्यास त्याचा भार लगतच्या खाडीवर पडतो.

ही किंमत कोण मोजते? फ्रान्समधील आर्काशों उपसागराचे उदाहरण बोलके आहे. नौकांच्या तळाला शेवाळ व शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिनयुक्त रंग लावला जाई. त्यातील विष पाण्यात उतरले आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील कालवांची पैदास खुंटली. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकांवर या रंगाच्या वापरास बंदी घातली. हौस एकाची, नुकसान दुसऱ्याचे! कोकणच्या खाड्यांतून कालवे व तिसऱ्या काढून संसार चालविणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा धडा दूरचा नाही.

बंदीमुळे विषारी रंग थांबतो. परंतु मैला उपसण्याचे यंत्र आपोआप बसत नाही. त्याचा खर्च मरिनाचालकाचा, तर लाभ सर्वांचा. म्हणूनच येथे शासकीय प्रोत्साहनाची गरज भासते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यान्वये अशा यंत्रणेच्या खर्चापैकी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्रीय निधीतून देण्याची सोय झाली. हा निधी मोटारनौकांच्या इंधनावरील व मासेमारीच्या साहित्यावरील करांतून उभा राहतो. अर्थात, पाण्याचा उपभोग घेणाराच त्याच्या स्वच्छतेचा भार उचलतो.

भारतात २०१६ ते २०२६ या कालावधीच्या जहाजबांधणी साहाय्य धोरणात विद्युत व संकरित नौकांसाठी २० टक्के, तर मिथेनॉल, अमोनिया वा हायड्रोजनवर चालणाऱ्या नौकांसाठी ३० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. प्रोत्साहन रोखीचेच असते असेही नाही. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर व लाडघर या किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. तेच मानांकन मरिनांनाही दिले जाते.

कर्जप्रस्तावाची छाननी करताना एक भेद ध्यानी ठेवावा : अनुदान यंत्र उभारण्यापुरते असते, देखभाल मात्र कायमची. अनुदान वगळूनही चालू खर्च व हप्ते भागत असतील, तरच यंत्र चालू राहील आणि खाडीही स्वच्छ राहील.