खाडीतील न दिसणारी पिल्ले
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कालवांच्या पिल्लांवर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण या विषयाकडे मी पुस्तकातून नव्हे, घरातून आले. माझी आई खाडीच्या खडकांवरची कालवे फोडून बाजारात विकते. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप मागे जाते, खडक उघडे पडतात. तेच तिचे कामाचे दिवस. माझ्या फीमध्ये त्या पैशांचा वाटा आहे. एके वर्षी ती जवळजवळ रिकामे भांडे घेऊन परतली आणि म्हणाली, "औंदा खडकार कालवां लागाकच नाय." का लागली नाहीत, याचे उत्तर घरात कोणाजवळच नव्हते. कॉलेजात आल्यावर भूगोलाच्या सरांना मी हा प्रश्न विचारला. त्यांनी ग्रंथालयाचा रस्ता दाखवला. तिथे वाचून जे समजले, ते येथे मांडत आहे.

कालव जन्मभर खडकाला चिकटलेले असते, असे मी समजत होते. ते खरे नाही. त्याचे बालपण पाण्यात तरंगण्यात जाते. या अवस्थेतील पिल्लाला शास्त्रात डिंभ म्हणतात. त्याची लांबी मिलिमीटरच्या एकदशांशापासून तीनदशांशापर्यंत असते. दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर फिरून ते योग्य जागा शोधते, तिथे स्वतःला चिकटवून घेते आणि मग कधीच हलत नाही. म्हणजे यंदा खडकावर काय लागणार, हे आधी पाण्यात ठरत असते.

ही गोष्ट नेदरलँड्समधील कालव-शेतकऱ्यांनी फार पूर्वी ओळखली. तेथील ओस्टरस्खेल्डे या खाडीत पिल्लांना बसण्यासाठी पाण्यात कौले किंवा शिंपल्यांची टरफले टाकीत. लवकर टाकली तर त्यांवर गाळ आणि इतर जीव बसतात. उशिरा टाकली तर पिल्ले निघून गेलेली असतात. म्हणून १९४० च्या सुमारास पीटर कोरिंगा या शास्त्रज्ञाने तेथे पाण्याचे नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पिल्ले मोजली. अमावास्या-पौर्णिमेनंतर साधारण दहा दिवसांनी पिल्लांची गर्दी होते, असे त्याला आढळले. तिथीवर नजर ठेवून खाडीत उतरणाऱ्या आमच्या बायकांना याचे नवल वाटणार नाही!

पुढे अडचण वाढली. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात तेथील मूळ चपटी कालवे मोठ्या प्रमाणावर मेली. १९६४ मध्ये पॅसिफिक महासागरातील कालवाची जात तेथे आणली गेली आणि ती फोफावली. आता मूळ जात पुन्हा वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण पाण्यातले पिल्लू कोणत्या जातीचे? कोवळ्या वयात बहुतेक शिंपल्यांची पिल्ले इंग्रजी 'डी' अक्षरासारखीच दिसतात. डोळा फसतो. येथे जनुकशास्त्र मदतीला येते.

प्रत्येक जातीच्या पेशीतील डीएनएमध्ये काही खुणा फक्त तिच्याच असतात. बारीक जाळीतून पाणी गाळून, गाळात राहिलेल्या जीवांमधून डीएनए वेगळा काढतात. मग 'पॉलिमरेज चेन रिअ‍ॅक्शन', म्हणजे पीसीआर, ही क्रिया करतात. कॅरी मलिस यांनी ती १९८३ मध्ये शोधली. १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हव्या त्या जातीची खूण असेल तरच तिच्या प्रती निघू लागतात, आणि प्रत्येक फेरीत त्या दुप्पट होतात. एकाच्या तीस फेऱ्यांत १०७ कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात. या प्रतींबरोबर चमकणारे द्रव्य वापरले, तर चमक कितव्या फेरीत दिसली हे यंत्र टिपते. चमक जितकी लवकर, तितका मूळ माल जास्त. हाताने मोजलेल्या दहा, शंभर, हजार पिल्लांच्या नमुन्यांशी ताडून अंदाज बांधता येतो.

पण 'कोण आहे' हे सांगणे सोपे आणि 'किती आहेत' हे सांगणे कठीण. यंत्र पिल्ले मोजत नाही, डीएनए मोजते. कोळंबीच्या टोपलीचे नुसते वजन करून नग सांगावेत, तसेच हे आहे. नग लहान की मोठे हे कळल्याशिवाय आकडा फसवा. वाढलेल्या पिल्लात पेशी जास्त, म्हणून डीएनएही जास्त. शिवाय अंडी, शुक्रपेशी आणि मेलेल्या जीवांचे अवशेषही हिशेबात शिरतात. म्हणून वेगवेगळ्या मापाच्या चाळण्यांनी पिल्ले आधी वेगळी करतात आणि सूक्ष्मदर्शकही सोडत नाहीत. दुसरी एक रीत आहे: ठराविक जातीलाच चिकटणारा चमकता रंग वापरून पिल्लू अखंड ठेवायचे आणि चमकणारी पिल्ले एक-एक मोजायची. यात जात आणि संख्या दोन्ही हाती लागतात.

सुट्टीत हे सारे मी आईला सांगितले. ती कालवे फोडता फोडता ऐकत होती. मग म्हणाली, "पाण्यात पिल्लां आसत म्हणून ती खडकाक बसतलीच असा खय आसा?" मी गप्प झाले. तिला अक्षरओळख नाही, पण तिने नेमके बोट ठेवले होते.

त्यावर विचार करताना मला एक गोष्ट उमगली. मोजणी दोन ठिकाणी हवी: पाण्यात आणि खडकावर. पाण्यातच पिल्ले नसतील, तर दोष जन्मदात्या कालवांकडे किंवा प्रवाहाकडे शोधावा लागेल. पाण्यात भरपूर असूनही खडक रिकामा राहिला, तर बसण्याच्या जागेकडे, तिथल्या गाळाकडे पाहावे लागेल. आईच्या त्या वर्षाचे उत्तर मी देऊ शकत नाही. तेव्हाचे पाणी कोणी मोजले नव्हते. पण एका मोठ्या प्रश्नाचे दोन लहान प्रश्न झाले आहेत, आणि दोन्ही मोजता येण्याजोगे आहेत. विज्ञान शाखेच्या माझ्या मित्रमैत्रिणींनी आमच्या खाडीचे पाणी एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, ही विनंती. नमुना आणून देण्याचे काम माझे आणि आईचे.