लिथो प्लेट : कोऱ्या जागेची राखण

छापखान्यात नव्याने आलेला मुलगा प्लेट हातात घेतो तेव्हा त्याची नजर अक्षरांवर जाते. जुना मशिनमन मात्र प्लेट उजेडाकडे तिरपी धरून अक्षरे नसलेली जागा आधी न्याहाळतो. या दोन नजरांमध्ये जो फरक आहे, तोच या लेखाचा विषय होय. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज ऑफसेट छापखान्यांत काम करीत आहेत, आणि यंदा शिकून जाणाऱ्यांपैकीही काहीजण त्याच वाटेने जातील. प्लेट बिघडली की तिची किंमत कामगाराच्या पगारातून कापून घेण्याची रीत काही ठिकाणी अजून चालू असल्याचे आमच्या कानावर येते. म्हणून प्लेट का बिघडते आणि कशी टिकते, हे कारणांसह सांगावे असे आम्हांस वाटले.

खिळ्यांच्या छपाईत अक्षर उंच असते आणि शाई उंचवट्यास लागते. लिथो प्लेट सपाट असते. तिच्यावरील अक्षर आणि त्याभोवतालची कोरी जागा बोटाने चाचपली तर फरक कळत नाही. तरीही शाईचा रोलर फिरला की शाई फक्त अक्षरावर बसते, कारण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. अक्षराची जागा तेलाला जवळ करते, कोरी जागा पाण्याला. पाण्याने ओली झालेली कोरी जागा तेलकट शाईला परतवून लावते. सारी छपाई या परतवण्यावर उभी आहे.

हा शोध आलोइस झेनेफेल्डर याचा. हा प्रागमध्ये जन्मलेला आणि म्युनिकमध्ये वाढलेला नाटककार. स्वतःची नाटके स्वस्तात छापावी म्हणून तो खटपटी करीत होता. १७९६ साली आईने धोब्याकडे द्यायच्या कपड्यांची यादी उतरवून घेण्यास सांगितले, कागद हाताशी नव्हता, म्हणून त्याने ती मेण, साबण व काजळी यांच्या शाईने दगडावर लिहिली, अशी हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पहिल्या प्रयत्नात त्याने आम्लाने दगड खाववून अक्षरे उंच केली. खरी सपाट छपाई त्याला १७९८ च्या सुमारास साधली, आणि तिला त्याने ‘रासायनिक छपाई’ असे नाव दिले. पुढे ‘दगडावरची छपाई’ हे नाव रूढ झाले. आमच्या मते त्याचेच नाव अधिक खरे होते; कारण दगड गेला, जस्त आले, जस्त जाऊन ॲल्युमिनियम आले, पण रसायन तेच राहिले.

ते रसायन असे. बव्हेरियातील झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चरबी व साबण असलेल्या शाईने त्यावर लिहिले की शाईतील मेदाम्ले दगडातील कॅल्शियमशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. तो दगडाच्या अंगातच मुरतो. वरची शाई पुसून काढली तरी अक्षर तेथेच राहते आणि नवी शाई ओढून घेते. मग उरलेल्या दगडावर डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल घालून ते मिश्रण फिरवतात. आम्ल दगड स्वच्छ करते आणि डिंकातील अरॅबिक आम्ल मोकळे करते. ते दगडाच्या पृष्ठभागास अत्यंत पातळ थराने चिकटते. नंतर पाण्याने कितीही धुतले तरी हा थर सहजासहजी सुटत नाही, आणि तो सतत पाणी धरून ठेवतो. छापखान्याच्या भाषेत याला ‘एचिंग’ म्हणतात. या शब्दामुळे शिकाऊ मुलांचा हमखास असा समज होतो की येथे काहीतरी कोरले जाते. कोरले काहीच जात नाही. कोऱ्या जागेला पाण्याची गोडी लावली जाते, एवढेच.

हा डिंक म्हणजे बाळंतिणीच्या लाडवांत पडणाऱ्या डिंकाचा सख्खा भाऊ. व्यापारातील उत्तम अरबी डिंक प्रामुख्याने सुदानकडून येतो, आणि तो ज्या झाडाचा असतो ते आपल्या बाभळीच्याच कुळातील आहे. प्लेटीसाठी तो साधारण एक भाग डिंकास तीन भाग पाणी या प्रमाणात कापडी पुरचुंडीत बांधून रात्रभर भिजत घालतात आणि सकाळी गाळून घेतात. तयार द्राव घनतामापकावर १४ अंश बोमे भरावा, असा जुना दंडक आहे. डिंक शिळा झाला की आंबतो, त्याला वास येतो आणि त्याची पकड बिघडते.

आपल्याकडे ही कला लवकर आली. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील रंगीत देवादिकांची चित्रे प्रत्येक रंगास वेगळा दगड वापरून छापली जात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तीन इंच जाड असा लहानसा दगडही सुमारे १८ किलो भरतो. मोठ्या चित्राचे दगड हलवणाऱ्या हमालांची आठवण कोणत्याही चित्राखाली छापलेली नाही.

वजनामुळेच दगडाची जागा धातूच्या पत्र्याने घेतली. पत्रा सिलिंडरभोवती गुंडाळता येतो, म्हणून यंत्राचा वेग वाढला. परंतु दगड पाणी शोषतो, गुळगुळीत धातू शोषत नाही. म्हणून पत्र्यावर वाळूसारखी भुकटी, पाणी आणि गोट्या घालून तो यंत्रात हलवीत व त्यास बारीक खरखरीतपणा देत. त्या खाचांत पाणी टिकते. अक्षर उमटवण्यासाठी अंड्यातील अल्ब्युमिन किंवा डिंक यांत अमोनियम डायक्रोमेट मिसळून त्याचा थर देत. या थरावर प्रकाश पडला की तो कठीण होतो. पद्धत स्वस्त होती, पण डायक्रोमेट हे विष आहे. उघड्या हाताने ते हाताळणाऱ्यांच्या बोटांवर न भरणाऱ्या जखमा होतात, आणि त्यातील क्रोमियम कर्करोगास कारण ठरते. नारिंगी डागांचे हात ही एकेकाळी प्लेट करणाऱ्याची ओळख मानली जाई, त्याचा थोडा अभिमानही असे. ज्या जुन्या छापखान्यात ही बाटली अजून असेल, तेथे रबरी हातमोज्यांवाचून तिला हात लावू नये. मालक हातमोजे देत नसेल तर ते मागून घ्यावेत.

आजच्या तयार लेपाच्या प्लेटी, म्हणजे पीएस प्लेटी, यांत ॲल्युमिनियमचा पत्रा विजेच्या साहाय्याने खरखरीत केलेला असतो आणि त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कठीण, सच्छिद्र थर चढवलेला असतो. त्यावर प्रकाशाने बदलणारा लेप असतो. पॉझिटिव्ह प्लेटीत जेथे प्रकाश पडतो तेथील लेप अल्कधर्मी डेव्हलपरमध्ये विरघळण्याजोगा होतो आणि धुऊन जातो. फिल्मवरील अक्षराच्या सावलीत राहिलेला लेप अक्षर म्हणून उरतो. म्हणून प्लेटीचे पाकीट पिवळ्या दिव्याखालीच उघडावे. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ती बराच वेळ पडून राहिली तर पॉझिटिव्ह प्लेटीची अक्षरे अशक्त होतात, आणि निगेटिव्ह प्लेटीत उलट कोऱ्या जागीही लेप पकडून बसतो.

डेव्हलपरची बाटली नेहमी घट्ट बंद ठेवावी. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो दुबळा होतो, मग लेप पुरता निघत नाही आणि कोऱ्या जागी डोळ्यांस न दिसणारी पातळ साय राहते. तीच पुढे यंत्रावर शाई धरते. उन्हाळ्यात नेमकी उलट अडचण येते. विदर्भात मे महिन्यात खोलीचे तापमान ४० अंशांवर जाते, तेव्हा तोच डेव्हलपर अधिक जोरात काम करतो आणि छायाचित्रांतील बारीक ठिपके खाऊन टाकतो. द्राव २२ ते २५ अंशांच्या आसपास ठेवावा. यंत्र नसेल तर तबकडी गार पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवूनही हे साधते. हा द्राव त्वचा जाळतो. डोळ्यांत उडाला तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

धुऊन झालेल्या प्लेटीवर डिंक लावणे हे सर्वांत साधे काम, आणि म्हणूनच ते सर्वांत वाईट केले जाते. डिंक थोडा घ्यावा, स्पंजाने सर्वत्र पसरावा आणि मऊ कोरड्या फडक्याने पुसत पुसत वाळवावा. जाड थर राहू दिला तर तो अक्षरांवरही कडक होऊन बसतो, आणि अक्षर शाई घेत नाही. कोठे सुटला तर ती उघडी जागा हवेतील ओल व धूळ धरते.

यंत्रावर प्लेट चढल्यानंतर राखणीचे काम पाण्याकडे जाते. पाण्यात डिंक आणि सौम्य आम्ल घातलेले असते, ते झिजत चाललेला कोऱ्या जागेचा थर पुन्हा भरून काढावा म्हणून. या पाण्याची आम्लता पीएच ४.५ ते ५.५ च्या दरम्यान असावी. काही मशिनमन कोरी जागा मळू लागली की आम्ल वाढवीत जातात. त्याने घटकाभर बरे वाटते, पण शाई वाळण्यास उशीर लागतो आणि प्लेटही झिजते. आमच्या भागात बोअरचे पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम पुष्कळ आहे. शाईतील मेदाम्लांशी त्याची गाठ पडली की रोलरवर गुळगुळीत पांढरट थर चढतो आणि रोलर शाई घेईनासा होतो. झेनेफेल्डरच्या दगडात ज्या कॅल्शियमच्या साबणाने अक्षर तयार झाले, तोच साबण येथे रोलरवर जमून काम अडवतो. शुद्ध केलेले पाणी वापरणे हा त्यावरचा खरा उपाय होय.

यंत्र थांबले की प्लेटीला धोका असतो. जेवणाच्या सुटीत प्लेट ओली सोडली तर थेंब जागच्या जागी वाळतात, ॲल्युमिनियमवर गंजाचे सूक्ष्म डाग पडतात, आणि सुटीनंतर कोऱ्या कागदावर बारीक ठिपके व कडी छापली जाऊ लागतात. भारनियमनाच्या दिवसांत वीज न सांगता जाते. शहाणा मशिनमन डिंकाची बाटली आणि स्पंज अंधारातही हाताला लागेल अशा एकाच जागी ठेवतो, आणि यंत्र थांबताच प्रथम प्लेटीवर डिंक फिरवतो. थांबणे दोन मिनिटांचे की दोन तासांचे, हे त्याला ठाऊक नसते.

बिघाडाचे दोन प्रकार ओळखता यावेत. कोऱ्या जागी शाई धरत असेल तर पाणी कमी आहे, डिंक गेला आहे किंवा लेप नीट धुतला गेला नव्हता. अक्षर फिके पडत असेल तर त्यावर डिंक चढला आहे किंवा लेप झिजला आहे. पहिल्यावर डिंक लागतो. दुसऱ्यात डिंक धुऊन अक्षराला शाई चोळावी लागते. लक्षण न ओळखता उपाय करणारा चांगली प्लेट फुकट घालवतो. केरोसीनने प्लेट पुसण्याची सवयही सोडावी. ते सावकाश उडते आणि कोऱ्या जागेवर तेलकट पापुद्रा ठेवून जाते.

पुन्हा लागणाऱ्या प्लेटी शाई काढून, डिंक लावून, मध्ये कागद घालून कोरड्या जागी टांगाव्यात. पावसाळ्यात डिंक ओल ओढतो, म्हणून महिन्यातून एकदा त्या काढून पाहाव्यात. मोठ्या खपाच्या पुस्तकांसाठी पॉझिटिव्ह प्लेट भट्टीत सुमारे २३० अंशांवर काही मिनिटे भाजून घेतात. मग ती कित्येक लाख प्रती देते. आता संगणकावरून लेसरने थेट प्लेट होते आणि फिल्म नाहीशी झाली आहे. काही प्लेटींना डेव्हलपरही लागत नाही. डिंक आणि पाणी मात्र तेथेही आहेतच.

वापरून झालेला डेव्हलपर गटारात ओतू नये. रासायनिक कचरा नेणाऱ्यांच्याच हाती द्यावा. ॲल्युमिनियम भंगारात चांगल्या भावाने जाते, आणि ते वितळवून पुन्हा वापरण्यास खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने जेमतेम वीसावा हिस्सा ऊर्जा लागते. काही पत्रे भंगारात न जाता गावी येतात आणि गोठ्याच्या आडोशाला ठोकले जातात. दगडावर अक्षर उलटे लिहावे लागे. ऑफसेटमध्ये ते आधी रबरी ब्लँकेटवर आणि मग कागदावर उतरते, म्हणून प्लेटीवर सुलटे असते. त्यामुळे अशा आडोशावरचा मजकूर शाळकरी मुलांना सरळ वाचता येतो.