समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर: शिरूर-दौंडमध्ये बसून, किती खर्चात?

तुम्ही इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट करत असाल, रांजणगाव एमआयडीसीत रोबोटवर काम करत असाल किंवा कुरकुंभच्या केमिकल कारखान्यात समतोलाचं गणित मांडत असाल, तर वर्ग-घनाची एकसामयिक समीकरणं कधी ना कधी समोर येतातच. ती सोडवणारं उत्तम सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यासाठी पुण्याची फेरी नको.

आधी फुकटातलं. ज्युलिया ही संगणकभाषा उतरवून घ्या, तिच्यात 'होमोटोपी कंटिन्युएशन' हे पॅकेज टाका. पॉल ब्राइडिंग आणि साशा टिमे यांनी 2018 मध्ये ते आणलं. लायसन्स फी शून्य, कागदपत्रं नाहीत, कंपनीच्या कामालाही चालतं. यान व्हर्शेल्डे यांचं 'पीएचसीपॅक' त्याहून जुनं, तेही मोफत. 'बर्टिनी' चांगलं आहे, पण विंडोजवर 'सिगविन' या जोड-सॉफ्टवेअरची खटपट करावी लागते. नवख्यांनी त्यापासून सुरुवात करू नये.

खर्च होतो तो डेटा आणि वेळ. डाउनलोड काही शे एमबींचं असतं, त्यामुळे कॉलेजचं किंवा घरचं वायफाय गाठा. 8 जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. पहिल्यांदा चालवल्यावर मशीन बराच वेळ गप्प बसतं. घाबरून बंद करू नका. नंतर छोटी गणितं काही सेकंदांत सुटतात.

वेळेचा अंदाज कागदावरच काढा. सगळ्या समीकरणांच्या कोटींचा गुणाकार करा. तीन वर्गसमीकरणं असतील तर जास्तीत जास्त 8 सुटी उत्तरं, दहा असतील तर 1,024, वीस असतील तर 10,48,576. 'होमोटोपी कंटिन्युएशन'मध्ये आधीपासून निवडलेली 'पॉलिहेड्रल' पद्धत हे ओझं बऱ्याचदा खूप कमी करते. ती बदलू नका.

सायलॅब आणि ऑक्टेव्ह हेही मोफत. सायलॅबचे मराठी धडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर आहेत. पण त्यातलं 'एफसॉल्व्ह' तुम्ही दिलेल्या अंदाजापासून निघून एकच उत्तर देतं. सहा सांध्यांचा रोबोटचा हात एकाच जागी, एकाच दिशेनं जास्तीत जास्त 16 वेगवेगळ्या प्रकारे पोहोचू शकतो. तुम्हाला मिळालेला एक प्रकार नेमका शेजारच्या मशीनवर आपटणारा निघाला तर?

मॅटलॅब घ्यायचंच असेल तर कोटेशन नीट वाचा. 'एफसॉल्व्ह' मूळ पॅकेजमध्ये नसतं, 'ऑप्टिमायझेशन टूलबॉक्स'मध्ये असतं. 'व्हीपीएसॉल्व्ह'साठी 'सिम्बॉलिक मॅथ टूलबॉक्स' लागतो. दोन्हींचे पैसे वेगळे, वर 18 टक्के जीएसटी. लायसन्स वर्षाचं की कायमचं, हेही विचारा. विद्यार्थी लायसन्सला कॉलेजात शिकत असल्याचा पुरावा लागतो आणि ते कंपनीच्या कामाला चालत नाही. त्याआधी कॉलेजकडे लायसन्स आहे का, हे लॅबमध्ये विचारून घ्या.

पेनड्राइव्हवरची 'क्रॅक' कॉपी कुणी स्वस्तात टाकून देत असेल तर नाही म्हणा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब नुसार माहीत असून असं सॉफ्टवेअर वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. संगणक तुमचा आहे, जबाबदारीही तुमची.

उत्तरं आली की काल्पनिक बाजूला काढा. रसायनाचं प्रमाण शोधत असाल तर ऋणही काढा. उरलेली 'होमोटोपी कंटिन्युएशन'मधल्या 'सर्टिफाय' आज्ञेनं तपासा. तिचे वेगळे पैसे नाहीत.

आणि विकत घेणार असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी तुमची स्वतःची समीकरणं विक्रेत्यासमोर चालवून घ्या. सगळी उत्तरं दिसली, तरच कोटेशनवर सही करा.